चंद्रमोहिमेची व दोन शिड्यांची हकीकत

श्री गजानन प्रसन्न, कुलस्वामिनी प्रसन्न, आणि दप्तराचे वरिष्ठ प्रसन्न होतील तर तेही हवेच आहेत. शके एकोणीसशे त्रेसष्ट, दुर्मतीनाम संवत्सरे, माघ शुद्ध पंचमी, ते दिवशी हुजुरांची आज्ञा जाहली की, आपले राज्यातील मनुष्ये चंद्रावर उतरली, ती मोहीम आरंभापासून शेवटपर्यंत लिहोन सादर करावी, न्यून पडो नये आणि अधिकही पडो नये. आज्ञा शिरसावंद्य. लिहिणाराचे नाव विचारू नये, या राज्यात लिहिणाराचे नाव कोणी विचारीतही नाही. मोहिमेस आरंभ शुभकृत संवत्सरी जाहला आणि शेवट दुर्मती संवत्सरी, मध्ये एकोणीस वर्षे गेली, आणि संवत्सरांची नावे पंचांगात आधीच छापलेली होती, तेव्हा आम्हांस कोणी सावध केले नाही असे म्हणावयास जागा नाही.

तर शुभकृत संवत्सरी हुजूर दरबारात बसले असता अकस्मात बोलिले की, शेजारच्या राज्यांची माणसे चंद्री जाऊन आली आणि आमचे लोक गच्चीवर उभे राहून माना वर करितात, हे बरे दिसते काय? तेव्हा समस्त दरबार बोलिला की, बरे दिसत नाही. मग हुजुरांनी विडा ठेविला आणि यंत्रशाळेचे मुख्य अनंतपंत वझे, त्या काळी केस काळे होते, ते पुढे आले आणि विडा उचलून बोलिले की, सात वर्षांत माणूस उतरवितो. आणि खरे सांगावयाचे तर त्यांनी बोलल्याप्रमाणे केले. सातवे वर्षी अग्निबाण उभा जाहला, चार पायांची नौका सिद्ध जाहली, तीत तिघांच्या बैठका जाहल्या आणि पंतांनी हुजुरांस विज्ञापना केली की, आता मुहूर्त सांगावा. उरली बारा वर्षे कशात गेली ते आता ऐकावे, आणि उभ्याने ऐकू नये, बसून घ्यावे.

नौका चालविण्याच्या कामावर रंभाबाई तांडेल यांची आरंभीच निवड जाहली होती. बाई खाडीकाठच्या, बाप आणि आजा दर्यात गलबते हाकणारे, आणि बाईंनी स्वतः लष्कराची विमाने हाकलेली. निवड जाहली त्या समयी वय सव्वीस, बांधा बारीक, बोलणे मोजके, हात असा स्थिर की भरलेली वाटी तळहातावर घेऊन जिना चढावा. बाईंनी नौका चंद्रावर उतरवावी, जागेवर बसून राहावे आणि काम आटोपताच परत उडवावी, ऐसा नियम होता. सारथ्याने आसन सोडो नये. हा नियम वाचून बाई पंतांकडे गेल्या आणि बोलल्या, "पंत, इतक्या लांब मी जाणार, नौका मीच उतरवणार, आणि खाली पाय ठेवायचा नाही?" पंत बोलिले, "नियम आहे, बाई." बाई बोलल्या, "नियम तुम्हीच लिहिलात ना?" पंत बोलिले, "लिहिला मी. सांगितला दुसऱ्यांनी." मग बाई म्हणाल्या, "मला निशाण रोवायचं नाही, छबी काढून घ्यायची नाही. फक्त एकदा उतरून दोन मिनिटं उभं राहायचंय. बाकी काही मागत नाही." पंतांनी अर्ज करावयास सांगितले. बाईंनी अर्ज केला. त्यास उत्तर आले की, विचार चालू आहे. पुढे दरसाल चैत्रात बाई तोच अर्ज करीत आणि दरसाल तेच उत्तर येई, आणि ऐसे एकोणीस अर्ज या दप्तरात माझ्याच हाताने लाविले आहेत.

आता उरल्या दोन बैठकांचे. या राज्यात दोन थोर घराणी, एक उगवतीकडील उंबरखेडकर आणि एक मावळतीकडील आडगावकर, आणि राज्यात नवे काही जाहले, पूल म्हणा, धर्मशाळा म्हणा, की पहिले पाऊल कोणाचे हा तंटा या दोहोंत. यास्तव सुभानराव उंबरखेडकर आणि फिरंगोजीराव आडगावकर ऐसे दोघे सरदार मोहिमेवर नामजाद जाहले आणि दुसरेच दिवशी प्रश्न निघाला की, नौकेतून आधी कोण उतरणार? पंत भोळे. त्यांनी नौकेस एकच दरवाजा ठेविला होता. हरे राम! दरवाजा एक म्हटल्यावर माणसे एकामागे एक उतरणार, आणि एकामागे एक म्हटल्यावर एक मागे राहणार, आणि मागे राहावयास कोणाचे घराणे सिद्ध होते? मग खलबते जाहली, मग शिष्टाई जाहली, मग आडगावकरांची मंडळी रुसोन दरबारातून उठोन गेली आणि दोन वर्षे आली नाहीत, मग त्यांस आणावयास उंबरखेडकरांची मंडळी गेली आणि पानसुपारीच्या तबकावरून रुसोन तीही बसली. अखेर भांडणाच्या पाचवे वर्षी तोड निघाली की, नौकेस दोन दरवाजे करावे, एक पूर्वेस एक पश्चिमेस, दोन शिड्या कराव्या, दोन निशाणे न्यावी, आणि सारथ्याने एक दोन तीन म्हणताच दोघांनी एकाच क्षणी जमिनीस पाय लावावा. पंतांनी कपाळास हात लाविला आणि नौका मोडून पुन्हा बांधावयास घेतली.

बांधून जाहली तो यंत्रशाळेच्या अंगणात रेती पसरून तालीम सुरू जाहली, आणि तालमीत दिसोन आले की उंबरखेडकर उंच, त्यांचा पाय आधी पोहोचतो. मग त्यांची शिडी दोन बोटे आखूड केली. मग ते म्हणाले की, आखूड शिडी हा घराण्याचा अपमान. मग शिडी पूर्ववत केली आणि आडगावकरांच्या जोड्याचा तळवा दोन बोटे जाड केला, आणि या दोन बोटांत वर्ष सरले. त्या काळात दोन्ही सरदारांची दाढी पांढरी जाहली, पंतांचे केस पांढरे होऊन गळाले, आणि बाई दररोज सकाळी तालमीच्या नौकेत मधल्या आसनावर बसून एक दोन तीन म्हणत असत. एके दिवशी मी कागद घेऊन गेलो असता त्यांनी मला विचारिले, "आज कितव्यांदा म्हटलं, लिहिता का कुठं?" मी म्हटले, नाही. बाई म्हणाल्या, "बरं करता."

दोन दरवाजांनी नौकेचे वजन वाढले, इतके की चंद्रावरून परत उडणे होईना. मग कारभाऱ्यांनी एकेक जिन्नस काढावयास घेतला आणि बाईंच्या पोशाखापाशी आले. चंद्रावर वारा नाही, श्वासास हवा नाही, बाहेर पडावयास निराळा जड पोशाख लागतो. कारभारी बोलिले, "बाई उतरणारच नाहीत तर त्यांस बाहेरचा पोशाख कशास?" बाई तेथेच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पडला तो मी पाहिला. पोशाख गेला म्हणजे अर्जही गेला. तेव्हा अनंतपंत, ज्यांनी जन्मात दरबारी गोष्ट बनवून सांगितली नव्हती, ते खाकरले आणि बोलिले, "एखादी शिडी अडकली तर बाहेर जाऊन कोणी सोडवावी? सरदारांनी?" हे ऐकोन दोन्ही सरदार दचकले आणि एकमुखाने बोलिले की, छे छे, पोशाख असू द्यावा. एकोणीस वर्षांत ही दोन घराणी एकमुखाने बोलिली ती एवढीच. मग पोशाखाऐवजी चंद्रावरची दगडमाती आणावयाच्या पेट्या काढिल्या. चंद्रावर जाऊन शोध काय घ्यावयाचा हे त्यानंतर कोणी विचारिले नाही, आणि त्यापूर्वीही विचारिले होते ऐसे मला आठवत नाही.

त्याउपरी मार्गशीर्ष शुद्ध दशमीस अग्निबाण सुटला. आवाज ऐसा की तीन कोसांवर घरांची कौले हलली. चवथे दिवशी बाईंनी नौका चंद्रावर उतरविली, आणि ते कसब काय वर्णावे, खाली खडक होता तो टाळिला, पुढे खळगा होता तो टाळिला, आणि मूल पाळण्यात निजवावे तैसी नौका ठेविली. यंत्रशाळेत पंत मटकन खाली बसले. सरदार आणि बाई पोशाख चढवून सिद्ध जाहले, श्वासाची हवा पंधरा घटकांची होती, दोन्ही दरवाजांच्या कळी दाबिल्या, आणि पूर्वेचा दरवाजा उघडला, शिडी सुटली, आणि पश्चिमेचा दरवाजा वीतभर उघडून तेथेच राहिला. पश्चिमेची शिडी घडीतच अडकली होती. आडगावकरांनी आतून ढकलिली, लाथ मारिली, हलेना. उंबरखेडकर आपल्या उघड्या दरवाजात उभे, खाली शिडीभर अंतरावर चंद्र, आणि एकट्याने उतरावे तर इतक्या वर्षांचा करार मोडतो.

बाई बिनतारी यंत्रावर बोलल्या, "पंत, बाहेरून सोडवावी लागेल. मी जाते." इकडे यंत्रशाळेत पंत हो म्हणणार इतक्यात आडगावकर तिकडून ओरडले, "खबरदार! त्यांच्या शिडीवरून कोणीही उतरले तरी पहिले पाऊल त्यांच्या बाजूचे होते!" उंबरखेडकर बोलिले, "आणि आमच्या आधी आमच्याच शिडीवरून दुसरे कोणी उतरावे, हे आम्हांसही कबूल नाही." झाले! निरोप चंद्रावरून इकडे पोहोचावयास श्वास घेऊन सोडावा इतका वेळ लागतो, परंतु यंत्रशाळेतून दरबारात आणि दरबारातून दप्तरात जावयास किती लागतो ते आम्हांस ठाऊक. कारभारी धावत दप्तरात आले आणि म्हणाले की, पूर्वीचा दाखला काढा. आम्ही जुन्या कागदांचे सारे रुमाल सोडिले. नऊ घटका दाखला शोधिला. वर तीन माणसे हवा मोजीत बसलेली आणि आम्ही खाली धूळ झाडीत. अखेर मीच तो काढिला, देव मला क्षमा करो. जुना कागद होता, त्यात लिहिले होते की, सरदार घोड्यावरून उतरण्यापूर्वी पायाखाली चौरंग ठेवावयास जो चाकर पुढे जातो, त्याचे उतरणे हे उतरणे गणू नये. हा कागद हुजुरांनी पाहिला, दोन्ही घराण्यांच्या वकिलांनी पाहिला, आणि मान्य जाहला. त्यावर आडगावकरांच्या वकिलांनी एक कलम घातले की, चाकराची पावले मागे राहो नयेत, छबीत दिसतील. तेव्हा हुकूम गेला तो ऐसा: रंभाबाईंनी पूर्वेच्या शिडीने उतरावे, पश्चिमेची शिडी सोडवावी, परतताना आपली पावले पुसावी आणि आसनावर बसावे.

हा हुकूम पंतांनी स्वतः वाचून दाखविला, आणि वाचताना दोनदा थांबले. बाई म्हणाल्या, "कशानं पुसू?" पोशाखावरची धूळ झाडावयास एक कुंचा नौकेत होता. उंबरखेडकरांनी तो आपल्या हाताने बाईंस दिला. आता पुढील वर्तमान बिनतारी यंत्रावर उमटले तेच लिहितो. उंबरखेडकर बोलिले, "बाई, शेवटची पायरी उंच आहे, जपून." मग बाई उतरल्या. मग उंबरखेडकर, त्यांचे पुढे काहीही होवो, पण त्या समयी ते बोलिले, "आम्ही जरा पोशाखाचे पट्टे आवळून घेतो, आमचे लक्ष नाही. तुम्ही राहा उभ्या." यंत्रावर केवळ बाईंचा श्वास ऐकू येत होता. यंत्रशाळेत दोनशे माणसे होती आणि कोणी हलले नाही. पंत भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग पश्चिमेकडून आडगावकर ओरडले, "तिकडे काय चालले आहे? आटपा!"

बाई नौकेस वळसा घालून गेल्या, शिडीचा खिळा वाकला होता तो सरळ केला, शिडी सोडिली आणि दरवाजा उघडला. मग वाकून कुंचा हातात घेऊन उलटे चालत आपले एकेक पाऊल झाडीत मागे आल्या. पोशाख जड, वाकता येईना, तेव्हा गुडघ्यावर बसून बसून झाडिले. आडगावकर आपल्या दरवाजातून पाहात होते आणि सांगत होते, "ते डावीकडचे राहिले. ते नव्हे, त्याच्या अलीकडचे." बाई "हो" म्हणत आणि ते झाडीत. शिडीवर चढून शेवटचे पाऊल वाकून पुसले. मग आसनावर बसल्या, कुंचा जागेवर ठेविला, आणि एक दोन तीन म्हणाल्या. दोन्ही सरदार एकाच क्षणी उतरले. इकडे तोफा जाहल्या, साखर वाटली. हवा संपत आली होती म्हणोन सरदार पाव घटका उभे राहिले, निशाणे रोविली, छब्या जाहल्या आणि परत चढले. बाईंनी नौका उडविली आणि सर्व सुखरूप आले, हे खरे, आणि याबद्दल कोणी वाईट बोलू नये.

छब्या दरबारात आल्या तेव्हा एक घोटाळा निघाला. दोन्ही सरदारांची पावले स्पष्ट, परंतु पूर्वेच्या शिडीपासून पश्चिमेच्या शिडीपर्यंत जमिनीवर कुंच्याचे फराटे, अर्धे अंगण भरून, पावलांपेक्षा ठळक. शंभर शहाणे बसले होते, पण तेथे वारा नाही, पुसल्याची खूण पुसली जाणार नाही, हे हुकूम लिहिताना कोणाच्या डोक्यात आले नाही. आपल्याकडे झाडलेले अंगण संध्याकाळपर्यंत पुन्हा पूर्वीसारखे होते, त्या हिशेबाने लिहिले. पंत म्हणतात की ते फराटे लक्षावधी वर्षे तैसेच राहतील. मग कारभाऱ्यांनी युक्ती काढिली आणि जाहीर केले की, सरदार उतरण्यापूर्वी त्यांच्या मानार्थ चंद्राचे अंगण झाडविले. कोणी झाडिले हे कोणी विचारिले नाही.

बखर लिहिण्याची आज्ञा जाहली तेव्हा मी बाईंस विचारावयास यंत्रशाळेत गेलो. दुपार होती. बाई ओट्यावर बसून चहा घेत होत्या, गुडघा धरला होता म्हणोन पाय लांब केलेला. मी म्हटले, "बाई, एखादे तरी पाऊल ठेवायचे होते. कोण आले असते पाहावयास?" बाई म्हणाल्या, "काम सांगितलं की अर्धवट ठेवायची सवय नाही हो मला. तिथं गेल्यावर तरी सुटेल असं वाटलं होतं." मग चहा बशीत ओतला आणि तैसाच ठेविला. म्हणाल्या, "उभी राहिले ना, तेव्हा बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, खूप बरं वाटलं. पण एकोणीस वर्षं ज्यासाठी थांबले ते मिळालं तेव्हा माझ्या हातात कुंचा होता. तेवढं एक विसरता येत नाही." दाखला मी काढिला होता हे त्यांस सांगावे ऐसे मनात होते, तेही सांगितले नाही.

मग मी बसून साफ प्रत केली, चाळीस पाने. तीत लिहिले की, दुर्मतीनाम संवत्सरे मार्गशीर्षमासी राजश्री सुभानराव उंबरखेडकर आणि राजश्री फिरंगोजीराव आडगावकर हे दोघे चंद्री प्रथम उतरले. तिसरे नाव सारथी म्हणोन शेवटल्या पानी आहे, आणि सारथ्याने आसन सोडिले ऐसे कोठेही नाही. मला घर आहे, पेन्शनीस दोन वर्षे उरली आहेत, आणि मी पुष्कळ भ्यालो. दरबारात देण्यापूर्वी बाईंनी प्रत पाहावयास मागितली. नाही कसे म्हणावे? त्यांनी ओट्यावर बसून चाळीसही पाने सावकाश वाचिली, एक पान उलटून पुन्हा मागे जाऊन पाहिले, आणि मग कागद नीट जुळवून, दोरा बांधून माझ्या हाती दिले आणि म्हणाल्या, "अक्षर छान आहे हो तुमचं."

एवंच मोहीम फत्ते जाहली. चंद्री तीन मनुष्ये उतरली. साफ प्रत हुजूर दप्तरी दाखल आहे, तीत दोन लिहिली आहेत, आणि हा कच्चा कागद माझ्या घरी आहे. लिहिणार दमला, पुरे करतो.